शेपूट काढलेलं मिग

तोंडात मापाचा ट्रे असताना माणसाला बोलता येत नाही. अल्जिनेट, म्हणजे ट्रेमधला मापाचा लगदा, घट्ट व्हायला दोन-अडीच मिनिटं लागतात. तेवढा वेळ पेशंटने नाकाने श्वास घ्यायचा आणि मी घड्याळाकडे बघायचं, एवढंच काम. गेल्या वर्षी जूनमधल्या त्या संध्याकाळी खुर्चीतल्या काकांनी मात्र उजवा हात उचलला, समोरच्या काचेच्या कपाटाकडे बोट दाखवलं आणि तेच बोट नकारार्थी हलवलं. म्हणजे काहीतरी चुकलंय.

कपाटात वरच्या फळीवर माझं मिग-२१ होतं, म्हणजे त्या लढाऊ विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल. १/७२ मापाचं, चंदेरी, मी आयुष्यात बनवलेलं पहिलं विमान.

ट्रे काढला, काकांनी चूळ भरली, हनुवटी पुसली आणि विचारलं, "डॉक्टर, एवढे रिव्हेट कुठून आणले?"

नाशिकरोडला दातांचा दवाखाना चालवायचा म्हणजे दोन प्रकारचे पेन्शनर खुर्चीत येणारच, नोटांच्या छापखान्यातले प्रेसवाले आणि ओझरच्या विमान कारखान्यातले एचएएलवाले. प्रेसवाले नोटांबद्दल चकार शब्द काढत नाहीत. एचएएलवाले विमानांवर सुरू झाले की भूल उतरली तरी थांबत नाहीत. हे काका तिथल्या ओव्हरहॉल डिव्हिजनमधून, म्हणजे विमान अख्खं उघडून दुरुस्त करतात तिथून, फिटर म्हणून रिटायर झालेले. त्यांच्याकडे गप्पा नाहीत, फक्त दुरुस्त्या. आले होते पूर्ण कवळी करायला. कवळीला चार-पाच खेपा तरी होतात, नंतर टोचते-बोचते म्हणून आणखी दोन-तीन. त्या सगळ्या खेपांमध्ये मी त्यांचं तोंड दुरुस्त केलं आणि त्यांनी माझं विमान.

आधी रिव्हेटचं सांगते. २०२० मध्ये दवाखाना बंद होता, हाताला काम नव्हतं, आणि माळ्यावर मुलाने सातवीत अर्धवट सोडलेला किट सापडला. जुन्या पद्धतीचा, पत्र्यांचे जोड कोरलेले नव्हते, उंचावलेल्या बारीक रेषांनी दाखवलेले. नेटवर वाचलं की खऱ्या विमानाच्या जोडांना फट असते, म्हणून उंच रेषा घासून काढायच्या आणि त्या जागी खोल रेषा कोरायच्या. कोरायला मला नवीन हत्यार विकत घ्यावंच लागलं नाही. दातावरचं कीटण काढायचं स्केलर आणि कीड शोधायचा प्रोब, दोन्ही पोलिस्टायरिनवर लोण्यासारखे चालतात. रेषा इतक्या छान आल्या की मला चेव चढला. रिव्हेट पाडायचं दातेरी चाक मागवलं आणि नाकापासून शेपटापर्यंत अख्खं विमान टोचून काढलं. अंगावर गोवर उठल्यासारखं दिसत होतं. मला ते फार खरं वाटायचं.

"फ्लश रिव्हेट असतात," काका म्हणाले. "हात फिरवला तर लागत नाहीत. आवाजाच्या दुप्पट वेगाने जायचंय त्याला, गोट्या लावून कसं जाईल?"

रात्री हिशोब केला. चाकाने पडलेलं एकेक टिंब ०.३ मिलीमीटरचं. गुणिले ७२ म्हणजे साडेएकवीस मिलीमीटर. माझ्या विमानावरचा प्रत्येक रिव्हेट रुपयाच्या नाण्याएवढा होता. आम्ही दातावर ४० मायक्रॉनचा उंचवटा शोधतो आणि इथे मी नाणी चिकटवून बसले होते.

त्या वेळी माझ्या टेबलावर दुसरं विमान अर्ध्यात होतं, तेही मिग-२१च, पण १/४८ मापाचं. एडुआर्ड या चेक कंपनीचा 'बिस' प्रकारचा किट. खऱ्या विमानाच्या पंखांची रुंदी ७.१५ मीटर, म्हणजे या मापात पंधरा सेंटीमीटरला थोडी कमी. मला त्याचं 'बायसन' करायचं होतं. बायसन म्हणजे आपल्या हवाई दलाने बिसचं करून घेतलेलं नवं रूप. एकूण सव्वाशे विमानांचा करार होता आणि त्यातलं बहुतेक काम आमच्या ओझरलाच झालं. नवं रडार आलं, आतली उपकरणं बदलली, आणि बाहेरून चटकन ओळखू येणारा फरक म्हणजे पुढची काच. बिसची पुढची काच तीन तुकड्यांची, मध्ये चौकटीच्या पट्ट्या. बायसनची एकसंध, गोलाईची, मध्ये एकही पट्टी नाही. त्यामुळे विमानाचा चेहराच बदलतो. चष्म्याची जाड फ्रेम काढून कॉन्टॅक्ट लेन्स लावलेल्या माणसासारखा.

ही काच किटमध्ये नव्हती, ती स्वतः करायची. इथे मला माझ्या पेशाचा फार अभिमान वाटला. वाकडे दात सरळ झाल्यावर रात्री घालायला आम्ही जे पारदर्शक रिटेनर देतो, ते दवाखान्यातच बनतं. दाताच्या साच्यावर प्लास्टिकची शीट तापवून खाली ओढायची, खालून व्हॅक्यूम, दोन मिनिटांत काम होतं. मी किटची काच विमानावर बसवून वर मेण चढवलं, पट्ट्यांच्या खाचा बुजवल्या, बायसनच्या फोटोंकडे बघत गोलाई आणली. त्याचं सिलिकॉनमध्ये माप घेतलं, डाय स्टोन, म्हणजे कडक प्लास्टर, ओतला, स्टोन घासून गुळगुळीत केला आणि त्यावर रिटेनरची शीट ओढली. पहिल्या खेपेला एक मिलीमीटरची वापरली. एक मिलीमीटर म्हणजे खऱ्या मापात पावणेपाच सेंटीमीटर, मत्स्यालयासारखी दिसली. मग अर्ध्या मिलीमीटरची घेतली. सहा खेपांमध्ये एक मनासारखी निघाली. मापाचं सिलिकॉन मळताना लॅटेक्सचे हातमोजे घालू नका, त्यातल्या गंधकामुळे ते घट्टच होत नाही. हे आम्हाला कॉलेजात शिकवतात आणि मॉडेलवाले दर वेळी नव्याने शोधून काढतात.

खुर्चीचे पट्टेही दवाखान्यातलेच. दातांच्या एक्स-रे फिल्मच्या पाकिटात शिशाचा पातळ पत्रा असतो. कागदासारखा कापता येतो आणि एकदा दुमडला की दुमडलेलाच राहतो. खरा पट्टा खुर्चीवर पडतो तसाच पडतो, ताठ उभा राहत नाही. पंचेचाळीस मिलीमीटरचा पट्टा या मापात एक मिलीमीटरहून जरा बारीक. उरलेल्या पत्र्याची गोळी करून ती नाकाच्या शंकूत कोंबायची, म्हणजे तीन चाकांचं विमान मागे कलंडत नाही. आता दवाखान्यात सगळं डिजिटल झाल्याने फिल्म येत नाहीत. माझ्याकडे जुन्या पत्र्यांचा एक डबा आहे, पेढ्यांचा, आणि तो संपला की संपला. (शिसं आहे. कापल्यावर हात धुवायचे, घासायचं अजिबात नाही. डबा स्वयंपाकघरापासून लांब.)

सगळंच जमलं असं नाही. नाकाच्या जोडावरची फट बुजवायला मी कोल्ड क्युअर ॲक्रिलिक वापरलं. कवळी तडकली की जोडायला वापरतो तेच. त्याचं द्रव म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेट, आणि पोलिस्टायरिन त्यात विरघळतं. रसायनशास्त्र मला येतं हो, परीक्षेत मार्कही होते. पण रात्री साडेदहाला डोकं चाललं नाही. दहा मिनिटांत जोडाच्या दोन्ही बाजूंच्या सुंदर रेषा साबणासारख्या मऊ झाल्या, वर घट्ट होतानाच्या उष्णतेने प्लास्टिक आत ओढलं गेलं. तेवढा भाग कापून नव्याने भरला. त्यानंतर फटीत दातात भरायचं, मुदत संपलेलं लाइट क्युअर कंपोझिट भरते. निळ्या दिव्याखाली वीस सेकंदांत दगड. पेशंटला चालत नाही ते, विमानाला चालतं.

कवळीच्या ट्रायलच्या दिवशी, म्हणजे मेणात दात लावून तोंडात बघतो त्या खेपेला, मी हे नवं विमान मुद्दाम खुर्चीशेजारच्या ट्रॉलीवर ठेवलं. शाबासकी हवी होती, उगाच कशाला खोटं बोलू. काकांनी चष्मा लावला. काच बघून "हं" म्हणाले. माझ्या हिशोबात ते सुवर्णपदक. मग विमान उलटं केलं, मागून बघितलं, परत ठेवलं.

"चांगलंय. पण आम्ही हे असं कधी बघितलं नाही."

मला कळेना.

"शेपूट लावलेलं, उडायला तयार, हे पायलट बघतो. आमच्याकडे आलं की पहिल्यांदा शेपूट सुटं होतं. महिनोन् महिने तसंच. इंजिन उघडं." आणि मेणाची कवळी तोंडात असताना, त्यातला एक दात निसटेल की काय अशी मला धास्ती असताना, त्यांनी दोन्ही हातांनी हवेत ते ओढून दाखवलं. पंखांच्या जरा मागे, अंगाभोवती एक जोड आहे. तिथले बोल्ट काढले, वरच्या कण्यातून शेपटाकडे जाणारे कंट्रोल रॉड आणि पाइप सोडले की मागचा अख्खा भाग ट्रॉलीवर सरळ मागे सरकतो. शेपटाकडचे बाणासारखे छोटे पंख, उभं शेपूट, सगळं मागे जातं आणि पुढच्या भागातून इंजिनाचा लांब नळा उघडा बाहेर राहतो. मग इंजिन काढायचं.

"बायसन केलं तेव्हा नाक बदललं, काच बदलली, आतलं सगळं बदललं," काका म्हणाले. "इंजिन तेच. आर-२५."

त्या रात्री मी पूर्ण झालेल्या विमानावर करवत चालवली. नवऱ्याने दारातून बघितलं आणि काही न बोलता झोपायला गेला.

कापणं सोपं होतं. जोडाच्या रेषेला जाड चिकटपट्टी लावली, तिच्या कडेने बारीक दात्यांची करवत सगळीकडून थोडी थोडी फिरवली, एकाच बाजूने खोल गेले नाही. अवघड पुढेच होतं. कापलेल्या कडेला प्लास्टिकची जाडी दिसते. सव्वा मिलीमीटर, म्हणजे खऱ्या मापात सहा सेंटीमीटर. विमानाचा पत्रा असतो एक-दोन मिलीमीटरचा. हे असंच ठेवलं असतं तर रणगाडा अर्धा कापल्यासारखा दिसला असता. मग आतून बर, म्हणजे दात तासायचं फिरतं टोक, लावून कड पातळ करत गेले. एअरोटर नाही, तो मिनिटाला तीन लाखांवर फिरतो, प्लास्टिक कापत नाही, वितळवतो. मायक्रोमोटर, सगळ्यात हळू, आणि दर दहा सेकंदांनी थांबायचं. बाहेरून बोट ठेवायचं, आतून बर फिरवायचा. बोटाला उष्णता जाणवली की पुरे. मुकुट (कॅप) बसवायला दात तासताना आतल्या नसेची जेवढी भीती वाटते तेवढीच वाटली. एका जागी आरपार गेलेच. कड ०.३ वर आल्यावर आतून गोल फ्रेम आणि उभ्या पट्ट्या चिकटवल्या, म्हणजे पत्रा कशावर ताणलाय ते दिसतं.

इंजिनासाठी आधी माप काढलं. आर-२५ ची लांबी साधारण ४.६ मीटर, म्हणजे इथे साडेनऊ सेंटीमीटरच्या आसपास, त्यातला मागचा अर्धाच दिसणार. आफ्टरबर्नरचा, म्हणजे इंजिनाच्या मागच्या भागाचा, नळा केला दहा मिलीच्या सिरिंजचा, वर पातळ प्लास्टिकचे दोन वेढे देऊन जाडी आणली. कड्यांना प्लास्टिकच्या पट्ट्या. पाइपांना ब्रेसेसची तार, ०.४ ची आणि ०.७ ची, ती वळवायला पक्कड माझ्याकडे सहा प्रकारची आहे. पाइपाचं टोक पोकळ दिसायला हवं तिथे इंजेक्शनच्या सुईचा तुकडा. हे सगळं पुढच्या भागात बसेना. कुठेतरी अडत होतं, कुठे ते दिसत नव्हतं. शेवटी जे रोज करते तेच केलं, मध्ये चावा तपासायचा निळा आर्टिक्युलेटिंग पेपर ठेवला, दाबलं, आणि उंचवट्यावर निळा ठिपका उमटला. "चावा... परत चावा... आता कसं वाटतंय?" असं मी रात्री अकरा वाजता एका विमानाला विचारत होते.

रंगाचंही तसंच. तापलेल्या पोलादावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा असे पट्टे उमटतात. फोटोंमध्ये प्रत्येक ठिकाणी वेगळे दिसत होते. मी मेण कापायची सुरी स्पिरिटच्या दिव्यावर धरली आणि रंग चढताना बघत बसले. रंग कोणत्या क्रमाने आणि किती रुंद येतात ते डोळ्यांत बसलं. मग चकचकीत काळ्या थरावर धातूचा रंग आणि त्यावर पाण्यासारखे पातळ पारदर्शक रंग, दवाखान्याच्या ऑइल-फ्री कंप्रेसरवर, दाब वीस पीएसआयच्या खाली आणून.

आणि मग मी मॉडेलवाल्यांची नेहमीची चूक केली. हँगर खरं वाटावं म्हणून तेलाचे ओघळ सोडले. पंखावर एक इवलासा पाना ठेवला, शेजारी चिंधी.

कवळी बसून महिना झाला होता. हिरडीला एका जागी टोचत होतं म्हणून काका आले. टोचणारी जागा घासून दिली, आरसा दिला, आणि झाकण ठेवलेला डबा उघडला. यावेळी "हं" सुद्धा नाही. बराच वेळ बघत राहिले. इंजिनाच्या नळ्यावरून बोट फिरवलं, न टेकवता, वरूनच.

"पाना कुणाचा?"

मी म्हटलं, असाच, वातावरणासाठी.

"डॉक्टर, पंखावर पाना ठेवून कुणी चहाला जात नाही. प्रत्येक हत्याराचा हिशोब असतो. शिफ्ट संपताना एक कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान हलत नाही आणि माणूसही घरी जात नाही. आत राहिला तर?" मग इंजिनाकडे वळले. "आणि हे पाइप उघडे. टोप्या कुठायत? पाइप सोडला की लगेच टोपी. लाल. धुळीचा कण गेला नाही पाहिजे. हे असं बघितलं असतं तर मला मेमो मिळाला असता." तेलाच्या ओघळांबद्दल ते काही बोलले नाहीत, फक्त माझ्या इन्स्ट्रुमेंट ट्रेकडे बघितलं. निर्जंतुक, ओळीत लावलेला. मला समजलं. मी स्वतः कापूस मोजून आत घालते आणि मोजून बाहेर काढते, रूट कॅनालच्या सुया मोजते, आणि दुसऱ्याच्या कामाच्या जागेचं चित्र काढताना पसारा म्हणजे खरेपणा असं मानून बसले होते.

पाना काढला. चिंधी काढली. ओघळ थिनरने पुसले, त्यात थोडा राखाडी रंगही गेला, तो परत मारला. टोप्यांसाठी रूट कॅनालमध्ये भरायची गट्टापर्चाची काडी चालली. ती मुळात नारिंगी-गुलाबी असते, गरम करून टोकावर दाबली की टोपी तयार, वर लाल रंगाचा एक ठिपका. एकूण एकोणीस टोप्या. त्यातली एक बनवताना उडाली ती अजून सापडलेली नाही, आणि मी ती दोन संध्याकाळ शोधली.

२६ सप्टेंबरला काकांची अपॉइंटमेंट होती. सकाळी फोन आला, "आज येत नाही, टीव्हीवर आहे." चंदीगडला मिग-२१ शेवटचं उडणार होतं. १९६३ मध्ये हवाई दलात आलेलं विमान, बासष्ट वर्षांनी. माझे दोन पेशंट वेटिंगला होते, तरी मोबाइलवर थोडंसं बघितलं. लहानपणी ओझरहून उठलेलं विमान डोक्यावरून गेलं की आमच्या शाळेच्या खिडक्या थरथरायच्या आणि बाई वाक्य अर्ध्यात थांबवून आवाज जाईपर्यंत खडू हातात धरून उभ्या राहायच्या. मोबाइलवर तो आवाज डासासारखा आला.

सोमवारी काका आले. डोळे वगैरे ओले असतील अशी मीच काहीबाही कल्पना केली होती. त्यांची तक्रार निराळीच होती. "दोन तास बघितलं. सगळे कॅमेरे नाकावर."

दिवाळीआधी विमान कपाटात गेलं. मधल्या फळीवर, शेपूट ट्रॉलीवर मागे सरकवलेलं, मध्ये चार सेंटीमीटर मोकळी जागा, त्यात इंजिन. पहिलं गोवरवालंही वरच आहे, ते काढावंसं वाटलं नाही. मुलगा हिंजवडीहून सुट्टीला आला तेव्हा म्हणाला, "आई, तो किट माझा होता." मी म्हटलं, पावती आहे का?

अडचण एकच. आलेला प्रत्येक पेशंट विचारतो, "अरेरे, तुटलं का हो?" माझी असिस्टंट आधी लांबलचक समजावून सांगायची, मग कंटाळली. आता फाइल काढता काढता मान वर न करता सांगते, "तुटलेलं नाही, सर्व्हिसिंगला आहे."

मागच्या आठवड्यात काका कवळी दाखवायला आले होते, तेव्हा तिने कुणालातरी हेच सांगितलं. वेटिंगच्या बाकावरून आवाज आला, "सर्व्हिसिंग नाही बाळ, ओव्हरहॉल."